धनसिंग ड्रायव्हर आणि आतली लाईट

२०२४ साली मी बाहत्तर वर्षांचा होतो. तोवर मला कोणी कुठून हाकललं नव्हतं, ना जिनिंगमधून, ना लग्नाच्या पंगतीतून. त्या साली मात्र पांढरकवड्याच्या थेटरातून हाकलले जायची वेळ दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. बोलत होता तो माझ्या बाजूच्या खुर्चीवरचा माणूस. धनसिंग राठोड, एसटीचा रिटायर ड्रायव्हर.

पिक्चर सुरू झाला, अंधार झाला आणि कुठं कोणाच्या हातात मोबाईल पेटला, की धनसिंगचा आवाज यायचा.

"आतली लाईट बंद करा. समोरचं दिसत नाही."

तो ओरडत नसे. मागं पन्नास माणसं झोपलेली आहेत आणि एकानं वरचा दिवा लावला आहे, त्या एकालाच ऐकू जावं असा हा आवाज होता. पण थेटरात तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. धनसिंगनं अठ्ठावीस वर्षं रातराणी चालवली. रात्रीच्या गाडीत आतला दिवा लागला की समोरच्या काचेत रस्ता दिसायचा बंद होतो आणि ड्रायव्हरला आपलंच तोंड दिसायला लागतं, हे त्यानं मला शंभर वेळा सांगितलं असेल. त्याच्या हिशेबानं पडदा म्हणजे ती काच होती. बाकीचे लोक पिक्चर पाहायचे, धनसिंग तो चालवायचा. म्हणून त्याला तिकीट उजव्या बाजूच्या खुर्चीचंच लागे. डावीकडं बसलं की गाडी दुसरंच कोणी चालवत आहे असं वाटून त्याचं डोकं दुखे. पडद्यावर ट्रक अंगावर आला की त्याचा उजवा पाय खाली दाबला जायचा. पुढच्या खुर्चीवाल्याला त्याची लाथ बसायची. धनसिंग माफी मागायचा नाही. ब्रेक लागला, एवढंच सांगायचा.

मी चौथी शिकलेलो. कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल म्हणून लागलो आणि मुकादम होऊन निघालो, म्हणून तो मला मुकादमच म्हणतो. बायको गेली, मूलबाळ झालं नाही, त्यामुळं मला कोणाला विचारावं लागत नाही आणि मी कोणाला विचारतही नाही. दर शुक्रवारी बाराचा शो आम्ही दोघं पाहायचो. जुनी टॉकीज पाडून तिथं आता कॉम्प्लेक्स झालं आहे. खाली दुकानं, दुसऱ्या मजल्यावर छोटं एसी थेटर. लिफ्ट आहे, आणि ती बंद असल्याची पाटी उद्घाटनाच्या दिवसापासून आहे. पहिल्या मजल्यावर साड्यांचं दुकान लागतं. तिथं मी काचेतल्या साड्या पाहत दोन मिनिटं थांबायचो. पंचवीस वर्षांची रुई माझ्या छातीत गेली आहे, तिला वर चढायला जरा वेळ लागतो. बाकी मला काही झालेलं नव्हतं.

थेटरातल्या उजेडाचे धनसिंगनं आपल्या खात्याच्या भाषेत प्रकार पाडले होते. कोणी चोरून वेळ पाहिली तर तो डिप्पर. घंटी वाजली तर हॉर्न. फोन उंच धरून पडद्याचाच फोटो काढला तर अप्पर, आणि अप्पर मारणाऱ्याला त्याच्याकडं माफी नव्हती. नवीन निघालेली ती घड्याळं, जी नुसता हात हलवला तरी पेटतात, ती इंडिकेटर. "वळाचं कुठंच नाही, अन् इंडिकेटर देऊन राह्यले," असं तो म्हणायचा.

खरं सांगायचं तर लोकांनीही ताळ सोडला होता. पिक्चरच्या आधी पडद्यावर मोबाईल बंद ठेवा अशी पाटी येते. त्या पाटीचा लोक मोबाईलवर फोटो काढायचे आणि पिक्चरला आलो म्हणून गावभर पाठवायचे. एकदा एक सोयाबीनचा व्यापारी आमच्या पुढं बसला होता. पडद्यावर हिरोची माय मरत होती आणि हा फोनवर भाव सांगत होता. धनसिंग पुढं वाकला आणि त्यानं अदबीनं विचारलं, तिकीट कुठवरचं काढलं? व्यापाऱ्याला काही समजलं नाही. धनसिंग म्हणाला, "नाही, आमचं पिक्चरचं आहे. तुमचं मार्केट यार्डाचं असन तं इथंच उतरून घ्या." माय मरायच्या वेळी सगळं थेटर हसलं.

एका बाईनं तर वणीच्या आपल्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पडद्याकडं धरून तिला पिक्चर दाखवायला बसली. धनसिंग उठून गेला. बाईला काहीच बोलला नाही. फोनमध्ये तोंड घालून तिच्या बहिणीलाच म्हणाला की बाई, तुमच्या घरचा ट्यूबलाईट इकडं येऊन राह्यला, तो तेवढा बंद करा आणि मग पाहा. ती बिचारी उठली आणि तिनं वणीत ट्यूबलाईट बंद केला. इंटरवलपर्यंत तिनं अंधारात बसून पिक्चर पाहिला. धनसिंग आजही सांगतो की त्याच्या सगळ्या नोकरीत एवढी समजदार सवारी त्याला मिळाली नाही.

मग एकदा एक मास्तर आले. हातात नवीन घड्याळ, मांडीवर पॉपकॉर्न. घास घेतला की हात वर, हात वर झाला की उजेड. घासागणिक इंडिकेटर. धनसिंगनं विचारलं हे कशाचं आहे. मास्तर कौतुकानं म्हणाले की हे पावलं मोजतं. खुर्चीवर बसून? मास्तरांनी पाहिलं तर पॉपकॉर्न खाता खाता घड्याळानं त्यांना दीडशे पावलं चालवलं होतं. धनसिंग म्हणाला, अजून एक पुडा घ्या, केळापूरचं देऊळ येईन.

मास्तरांनी तक्रार केली. थेटरच्या मॅनेजरचं नाव अक्षय, तिशीचा, दोन खिशांत दोन फोन. त्यानं आम्हाला बाहेर बोलावलं आणि म्हणाला की काका, लोक तिकीट काढून येतात. धनसिंगनं विचारलं की आम्ही का डेपोच्या पासवर येतो? अक्षय म्हणाला, पुन्हा तक्रार आली तर तुम्हा दोघांना तिकीट मिळणार नाही. दोघांना, हा शब्द मला लागला. मी तर माझ्या साध्या फोनची बॅटरीच काढून खिशात ठेवायचो. आवाज बंद करायचं बटन मला सापडलेलं नव्हतं आणि ते कोणाला विचारायचा माझा विचार नव्हता.

त्याच उन्हाळ्यात धनसिंगच्या छातीत कळ आली. त्याची लेक सविता नागपूरच्या एका दवाखान्यात सिस्टर आहे. तिनं त्याला तिकडं नेलं, हृदयात स्प्रिंग टाकली आणि आपल्या घरी ठेवून घेतलं. कायमचं ठेवायचा तिचा विचार होता. बारा दिवसांत धनसिंग पळून आला. नवव्या मजल्यावर घर आहे म्हणे, तिथून खाली पाहिलं की गाड्या दिसतात पण चालवणारा दिसत नाही. असल्या ठिकाणी माणूस कसा जगेल, असं तो मला विचारत होता. मी म्हटलं, नाही जगणार.

सविता मागोमाग आली. तिनं बापाच्या हातात एक काळं घड्याळ बांधलं आणि माझ्यासमोर करार केला. घड्याळ रात्रंदिवस हातात राहील, बाबांचे ठोके तिला तिकडं तिच्या मोबाईलवर दिसतील, आणि तोवर बाबा पांढरकवड्यात. घड्याळ काढलेलं दिसलं की त्या दिवशी ती गाडी घेऊन येईल आणि बाबा नागपूरला. शिवाय घड्याळ जे सांगेल ते करायचं. धनसिंगनं मान हलवली. ज्यानं आयुष्यभर इंडिकेटरवाल्यांचा उद्धार केला त्याच्याच मनगटावर इंडिकेटर बसला. आपलं घर राखायचं तर तो काढायची सोय नव्हती.

पुढच्या शुक्रवारी आम्ही गेलो. अंधार झाला. तिसऱ्या रांगेत कोणी फोन काढला. धनसिंगनं हात वर करून त्याच्याकडं बोट दाखवलं, आणि आमच्या रांगेत असा उजेड पडला की मला माझे पाय दिसले. मागून एका कॉलेजच्या पोरीनं त्याचंच वाक्य त्याला दिलं. काका, आतली लाईट बंद करा. थेटर पुन्हा हसलं. धनसिंगनं घड्याळावर दुपट्टा गुंडाळला. अर्ध्या तासानं दुपट्ट्याच्या आत ते घरघरलं. त्यानं उघडून पाहिलं, तर उभ्या माणसाचं चित्र. घड्याळ सांगेल ते करायचं हा करार. धनसिंग भर पिक्चरमध्ये उभा राहिला. मागचे ओरडले, बसा, बसा. हा म्हणाला की मले अजून एक मिनिट उभं राहाचं आहे. अक्षय आला. त्यानं शेवटची ताकीद दिली, आणि तीही दोघांना.

तीन दिवस धनसिंग माझ्याकडं फिरकला नाही. चौथ्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, मुकादम, शुक्रवारी घड्याळ तू घालत जा. इंटरवलपर्यंत मी आत, तू बाहेर बाकड्यावर घड्याळ घालून. इंटरवलनंतर तू आत, मी बाहेर. सविताले ठोके दिसत राहतीन, थेटरात उजेड पडणार नाही, अन् अक्षयचं तोंड बंद.

मी म्हटलं की मी कोणाची उसनी वस्तू अंगावर घालत नाही. शिवाय हा सरळ सरळ फसवण्याचा धंदा झाला. धनसिंग म्हणाला, "अबे, माह्या लेकीले चार ठोके मजबूत दिसू दे ना. तुह्यं हृदय बैलावानी आहे. माह्यं तं रिपेअर केलेलं इंजिन."

खोटं कशाला बोलू, बैलावानी हे मला आवडलं. मी हो म्हटलं.

त्यानंतर आम्ही चार पिक्चर अर्धे अर्धे पाहिले. मी बाहेर बाकड्यावर बसायचो, हातात दुसऱ्याच्या नावाचं हृदय. इंटरवलला तो बाहेर यायचा, माझ्या हातातलं काढून आपल्या हातात बांधायचा आणि मी आत जायचो. आत काय चाललं आहे ते मला समजायचं नाही, कारण पहिला अर्धा भाग धनसिंगनं सांगितलेला असायचा. कथा काय आहे विचारलं तर म्हणायचा, एक लाल जीप आहे, क्लच घासून घासून सत्यानाश केला. हिरो कोण? तो जीपवाला. जीप कोणाची? ते नाही सांगितलं. मग शेवटी हिरोईन रडत का आहे हे मला कळायचं नाही, आणि ती रडली हे मी बाहेर येऊन सांगितलं की धनसिंगला पटायचं नाही. चहाच्या टपरीवर आमची भांडणं व्हायची. टपरीवाला म्हणे, दोघं वेगवेगळे पिक्चर पाहून येता का?

एक गोष्ट मात्र मी तेव्हा ध्यानात घेतली नाही. घड्याळ परत घेताना धनसिंग ते लगेच बांधत नसे. आधी त्यात काहीतरी पाहत राहायचा. त्याला वाचता माझ्याइतकंच येतं. मला वाटायचं वेळ पाहतो.

पाचव्या शुक्रवारी पिक्चर सुरू होऊन तास झाला असेल. मी बाकड्यावर होतो. जिन्यावरून सविता वर आली. मी दुपट्टा मनगटावर ओढला. करार मोडलेला पकडला गेला होता आणि आता ती बापाला घेऊन जाणार, हे मला दिसत होतं. मी सांगून टाकलं की तुझे बाबा आताच लघवीला गेले, घड्याळ तेवढं मला पकडायला दिलं. पकडायला दिलेलं घड्याळ मनगटावर कसं, हे तिनं विचारलं नाही. बाजूला बसली आणि म्हणाली, "काका, हात द्या."

तिनं घड्याळाकडं पाहिलंही नाही. दोन बोटं माझ्या नाडीवर ठेवली आणि पुष्कळ वेळ ठेवली. मग विचारलं की पायऱ्या चढताना दम कधीपासून लागतो. मी रुईचं सांगितलं. ती म्हणाली की रुईनं ठोके असे चुकत नाहीत.

मी म्हटलं की घड्याळ बिघडलं असेल, आम्ही ते आलटून पालटून घालतो, त्याला समजत नसेल कोणाचं मोजायचं. तेव्हा सविता हसली आणि तिनं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो.

"काका, त्या घड्याळात थेटरसाठी वेगळं बटन आहे. ते दाबलं की उजेड पडत नाही, घरघर होत नाही, ठोके मोजणं चालू राहते. पहिल्या शुक्रवारीच घरी येऊन बाबांनी मले फोन केला होता, तवाच मी त्याईले शिकवलं. त्याईले येते ते. घड्याळ तुमच्या हातात घालायच्या आधी त्याईनं मले सगळं सांगितलं. म्हणे, शुक्रवारी तुले अर्धा पिक्चर माह्ये ठोके दिसणार नाहीत, मुकादमाचे दिसतीन. ते नीट पाह्य. तो मरून जाईन पण दवाखान्यात जाणार नाही. मी म्हटलं, बाबा, मंग आपला करार मोडला. तं म्हणे, मोडला तं मोडला. मी येतो नागपूरले."

आत पडद्यावर मारामारी चालली होती, तिचे आवाज बाहेर येत होते.

तेवढ्यात दार उघडून धनसिंग बाहेर आला. इंटरवल झाला नव्हता. जिवंत असेपर्यंत चालू पिक्चर सोडून बाहेर येणार नाही म्हणणारा माणूस बाहेर आला होता. आल्या आल्या लेकीवरच चिडला की इंटरवलपर्यंत थांब म्हटलं होतं. तिनं सांगितलं की थांबायसारखं नाही. आज काही होणार नाही, पण उद्याच मोठ्या डॉक्टरला दाखवायचं, नागपूरला, ती सगळी व्यवस्था करून आली आहे.

मी उभा राहिलो. घड्याळ काढायला गेलो, पण त्याचा पट्टा मला कधी सोडता आला नव्हता, दर वेळी तोच सोडायचा. म्हणून ते तसंच ठेवून मी त्याला म्हटलं की तू मले फसवलं. मले बैल म्हटलं, अन् बैलासारखंच बांधून तपासून घेतलं. मी कोणाचं उपकाराचं जिणं जगत नाही, नागपूरले मी येणार नाही.

"सांगितलं असतं तं गेला असता?" धनसिंगनं विचारलं.

मी पुन्हा पट्टा ओढायला लागलो.

"अठ्ठावीस वर्षं मी आवाजावरून इंजिन ओळखलं, मुकादम. तू पहिल्या मजल्यावर साड्या पाहत नाही."

मग त्यानं माझ्या हातातलं घड्याळ सोडलं, आपल्या हातात बांधलं आणि सांगितलं, तू ये नाहीतर नको येऊ. करार त्यानं मोडला आहे, त्यामुळं त्याला जावंच लागणार, पिशवी भरून ओट्यावर ठेवली आहे. हे त्यानं असं सांगितलं जसं गाडी किती वाजता सुटणार ते सांगावं. मी जिना उतरून घरी आलो. मधे कुठं थांबलो नाही, आणि खाली पोचेपर्यंत मला दोनदा कठडा धरावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, दाराला कुलूप लावलं आणि धनसिंगच्या घरी गेलो. सविता गाडीची काच पुसत होती. धनसिंग ओट्यावर पाठ करून बसला होता, त्यानं वळून पाहिलं नाही. मी माझी पिशवी त्याच्या पिशवीच्या बाजूला ठेवली आणि म्हटलं, "मले तिथं एकट्याले भेव वाटन. तू दवाखान्यात माह्याजवळ बसशील का?"